ताणावर सोडलेला भाऊ

माझ्या धाकट्या भावाच्या पोटात माझी एक किडनी होती, आणि ती त्याच्यापेक्षा धडधाकट निघाली. तोंडावर फेकल्यासारखं सांगते आहे, पण मला आडवळणानं बोलता येत नाही. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर होते. तिथे पाल्हाळ लावणाऱ्याला "आटपा" म्हणायचं आणि लाइन सोडायची, हीच सवय लागली. घरातले म्हणायचे, हिच्याशी बोलताना तीन मिनिटं झाली का ते बघत बसावं लागतं.

माझं माहेर पाचोऱ्याजवळचं. वडील लवकर गेले. मागे आई, मी, हा भाऊ आणि मोसंबीची बाग. मी लग्न होऊन धुळ्याला आले, नोकरीला लागले. भावानं शाळा सोडून बाग धरली आणि ती अशी राखली की आजूबाजूचे लोक झाडं बघायला यायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट असेल. त्याची मुलगी नुकती चालायला लागली होती आणि त्याचे पाय सुजायला लागले. तोंडही सुजायचं. गावात कोणी म्हणालं उन्हाचं, कोणी म्हणालं पाणी बाधलं. आईनं दृष्ट काढली. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, दोन्ही किडन्या संपल्यात. मुंबईला न्या.

मुंबईला डायलिसिसवर ठेवलं. रक्त कमी झालं की बाटली चढवायची. ते रक्त कुणाचं, कुठून आलं, तेव्हा कोण विचारत होतं? बाटली मिळाली हेच आम्हाला देव पावल्यासारखं वाटायचं. त्या बाटल्यांपैकी एकीतून कावीळ आली आणि त्याच्या लिव्हरमध्ये दबा धरून बसली, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

किडनी कोण देणार? आईला साखर. भावजयीचा रक्तगट जुळेना. माझा सगळा जुळला. सासूबाई म्हणाल्या, "दोन असतात म्हणून काय वाटत सुटायच्या?" आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "देऊन टाक बाई. नाहीतर जन्मभर तेच ऐकवशील." एवढीच काय ती आमच्याकडची चर्चा.

खरा त्रास भावाचाच झाला. तो तयारच होईना. आमच्या खान्देशात बहिणीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावानं बहिणीला न्यायला यायचं, लुगडं द्यायचं, तिला झोक्यावर बसवायचं. बहिणीच्या घरचं जास्तीचं दोन घास जेवला तरी संकोचणारी आमची माणसं. आणि हा तर तिच्या पोटातलं काढून घेणार! "अक्का, मी खालच्या मानेनं जगू का जन्मभर?" असं तो म्हणाला. मी म्हटलं, "आधी जग तर! मान कशी ठेवायची ते मागून बघू."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं विचारलं, लागली का? नर्स हसून म्हणाली, लगेच चालू झाली, पिशवी भरली. मी रडले. इतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं.

मग त्या औषधांची ओळख झाली. मुंबईचे डॉक्टर समजावून सांगायचे. शरीरात पहारेकरी असतात. परकं काही आत आलं की ते त्याच्यावर तुटून पडतात. किडनी परकी, म्हणून ते तिला मारणार. म्हणून त्यांना औषधानं झोपवून ठेवायचं, रोज, आयुष्यभर. मी म्हटलं, "डॉक्टर, परकी कशी? आम्ही एकाच आईच्या पोटातून आलो." ते म्हणाले, "शरीराला नातं कळत नाही हो." लग्न झालं की मुलगी परकी, हे गावानं मला सांगून झालं होतं. आता भावाच्या पोटानंही तेच सांगितलं. मला अस्सा राग आला!

एक स्टेरॉइडची गोळी, एक दुसरी बारकी गोळी, आणि एक तेलकट औषध. त्याचं नाव सायक्लोस्पोरिन. ते बाटलीतून यायचं. नळीनं मोजून ओढायचं, काचेच्या पेल्यात दुधात ढवळायचं आणि लगेच पिऊन टाकायचं. प्लास्टिकचा पेला चालत नसे, औषध त्याला चिकटून बसतं म्हणे. वास असा की दूध देणारी म्हैस लाजेल. जळगावचा दुकानदार ते मुंबईहून मागवून ठेवायचा.

त्या औषधानं भावाच्या अंगावर केस वाढले. कपाळावर, गालावर, दंडावर, कानाच्या पाळीवर. हिरड्या फुगल्या. हात थरथरायचे. आई त्याला बघून म्हणायची, "हाई काय व्हयनं रे भाऊ, अस्वलना मायक दिखस!" आणि मग आपणच पदर तोंडाला लावायची. मी फोनवरून विचारायचे, "काय अस्वल, मध मिळाला का?" तो हसायचा. जगला होता ना. अस्वल होऊन का होईना, बागेत उभा होता, मुलीला शाळेत सोडत होता. दर आखाजीला स्वतः मला न्यायला धुळ्याला यायचा, आणि मोसंबीच्या पहिल्या तोडीची पेटी एसटीच्या टपावर टाकून माझ्याकडे पाठवायचा. माझ्या घरी पाण्याचा पेला मात्र अर्धाच प्यायचा. मी ओरडायचे, "अरे, किडनी घेतलीस आणि पाण्याला लाजतोस?" असं सात-आठ वर्षं चाललं.

मग त्याचं जेवण तुटलं. उजव्या कुशीत जड वाटायचं. अंगाला खाज. डोळ्यांत पिवळेपणा दिसला तेव्हा गावातल्या एकानं गळ्यात काविळीची माळ घालून दिली. ती माळ गळ्यात घेऊनच तो जळगावच्या डॉक्टरांकडे गेला. भावजयीनं मला बोलावून घेतलं होतं, म्हणून मीही होते. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं आम्हा तिघांना समोर बसवलं.

"लिव्हरमध्ये गाठ आहे. कॅन्सरची आहे," डॉक्टर म्हणाले. साधा माणूस होता, आमच्याच भागातला. मान खाली घालून बोलत होता. "ती जुनी कावीळ आत राहिली होती. या औषधांनी अंगाचे पहारेकरी झोपलेले, त्यामुळे तिला कोणी हटकलं नाही. लिव्हर सगळंच खराब झालंय. काढायला गेलो तर टेबलावरच काहीतरी होईल."

भावजय भिंतीकडे बघत होती. मी विचारलं, "मग करायचं काय?"

"मी मुंबईला बोललो. औषधं कमी करायची. बारकी गोळी बंद. तेलकट औषध अर्ध्यावर, मग आणखी खाली. पहारेकरी जागे झाले तर गाठीला काही दिवस तरी रोखून धरतील. वर्ष निघेल. कदाचित जास्तही."

"आणि किडनी?"

"किडनी जाऊ शकते, ताई. गेली तर पुन्हा डायलिसिस. नाशिकला सोय झाली आहे. पण माणूस राहील."

म्हणजे हे असं होतं. एका बाजूला माझी किडनी, एका बाजूला माझा भाऊ. मला एक क्षणसुद्धा विचार करावा लागला नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या किडनी."

भावानं एकच विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे औषध चालूच ठेवलं तर त्या गाठीला काय होतं?"

तो डॉक्टर खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे. पण तो प्रामाणिक. म्हणाला, "या औषधाचा लिव्हरच्या पेशींवर ताण येतो. चांगल्या पेशींवर येतो, कॅन्सरच्या पेशींवरही येतो. ताण झेपला नाही की पेशी मरते. पण कॅन्सरच्या पेशी चिवट असतात. काही मरतात, काही त्या ताणातच जगायला शिकतात आणि आणखी निगरगट्ट होतात. कुठली काय करील, हे आज मला कोणी सांगू शकत नाही. म्हणून आपण ती जोखीम घ्यायची नाही."

एवढं सगळं तो बोलला. भावानं त्यातला एक शब्द उचलला आणि खिशात घालून घरी नेला.

तुम्ही बागवाले नसाल तर सांगते. मोसंबीला पाणी सारखं देत राहिलं तर झाड नुसतं पालवत राहतं, फळ धरत नाही. म्हणून थंडीत पाणी तोडायचं. त्याला म्हणतात बाग ताणावर सोडणं. पानं मलूल होतात, वळतात, गळतात. बागवाला रोज बांधावर उभा राहून झाडाकडे बघतो, किती सोसेल याचा अंदाज घेतो. रोगट फांदी आधी वाळते. मग नेमक्या वेळी पाणी सोडायचं, की चांगलं झाड फुलानं भरून येतं. कमी ताण दिला तर बहार फसतो, जास्त दिला तर झाड जातं. त्याची नजर आमच्या भावाला होती. गावात कोणाला शंका आली की त्याला बोलावून न्यायचे.

जळगावच्या स्टँडवर आम्ही बसची वाट बघत चहा घेत होतो. भावजय मुलीसाठी वह्या आणायला गेली होती. तो म्हणाला, "अक्का, ऐकलं ना? ताण येतो म्हणाले. गाठीवरसुद्धा येतो."

"मग?"

"मग ताण तोडायचा कशाला? चालू ठेवायचा. ताणात रोगट असतं तेच आधी वाळतं. तुला काय सांगायचं, तू पण बागेत वाढलीस."

मी बशीवर कप आपटला. "अरे येड्या, ते झाड आहे आणि तू माणूस आहेस. डॉक्टर काय म्हणाले, ते निगरगट्ट होतात म्हणाले. आणि झाडाचंच बोलायचं तर ताणानं शेवटी येतं काय? बहार येतो! पोटात बहार धरायचा आहे का तुला?"

त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तसं." तेव्हा मला वाटलं, मिटलं.

त्या वर्षी आखाजीला तो मला न्यायला आला नाही. त्याच्यानं प्रवास होणार नव्हता. मीच रजा टाकून निघाले. धुळ्याहून पारोळा, तिथे गाडी बदलून पुढे. उन्हानं डांबर पातळ झालं होतं. घरी पोचले तर तो ओट्यावर बसलेला. पोट पुढे आलेलं, हातापायाच्या काड्या, डोळे हळदीसारखे. पण कपाळावरचे केस तस्सेच, दाट. त्यानं बशीत चहा ओतला तो निम्मा धोतरावर सांडला, इतका हात थरथरत होता.

मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध उतरलं की थरथर जाईल, केस विरळ होतील. मी आत गेले आणि भावजयीला विचारलं, "औषध कोण देतं?"

"मीच देते, अक्का. अर्धंच देते. माझ्या हातानं."

आमचा भाऊ एरवी खोटं बोलणारा नाही. म्हणून मी सरळ बाहेर येऊन विचारलं, "तू वरून आणखी घेतोस का?"

तो म्हणाला, "घेतो."

विहिरीजवळ मोटारीची खोली आहे. तिथे फवारणीच्या डब्यांमागे त्यानं दुसरी बाटली ठेवली होती, आणि एक काचेचा पेला. रोज सकाळी बागेत चक्कर मारायला म्हणून जायचा आणि राहिलेलं अर्धं तिथे प्यायचा. दूध गड्याकडून घ्यायचा. बंद केलेली बारकी गोळीसुद्धा चालू होती. बाटली दुकानदारानं दिली कारण त्याला वाटलं, नेहमीचंच गिऱ्हाईक.

मला तेव्हा काय झालं ते सांगता येत नाही. मी किंचाळले. म्हटलं, "मेल्या, तो ताणाचा गाढवपणा अजून डोक्यात आहे का तुझ्या? डॉक्टर शिकलेला का तू शिकलेला?"

तो म्हणाला, "ताणाचं खरं असेल, नसेल. मला तरी कुठे कळतंय?"

"मग का?"

"अक्का, तुझी किडनी मी माझ्या हातानं कशी मारू?"

ओट्यावर ऊन होतं, मी उभीच होते. मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. ताण हा नुसता बहाणा होता. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि याला जे करायचंच होतं त्याला एक कारण मिळालं. बागवाल्याला पटेल असं कारण.

मी खाली बसले आणि त्याला समजावलं. आधी गोडीनं. म्हटलं, "भाऊ, मी दिली ती दिली. दिलेली वस्तू घेणाऱ्याची. तू तिला जाळ, पूर, विहिरीत टाक, माझं काय जातंय? मला तू पाहिजेस."

"लोक म्हणतील, बहिणीची खाल्ली आणि वर मारूनही टाकली."

"लोकांच्या घरी जाऊन आग लाव!"

"लोकांचं सोड," तो म्हणाला. "मला वाटतं ना. तुझं अंग चिरून आणलेली. सकाळी लघवीला बसलो की मला रोज आठवण येते, अक्का चालवतेय. ती बंद पडली तर मी तुझ्यासमोर कसा येऊ?"

आणि मग मी जे बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तू मेलास तर येशील का समोर?"

आई दारात आली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि एवढंच बोलली, "अंडोर बी मन्हाच, अंडेर बी मन्हीच. मी कोणले काय सांगू?" मुलगा माझाच आणि मुलगीही माझीच. ती बिचारी एका लेकाचं ऐकून घेत होती आणि एका लेकीचं. तिच्या मते आम्ही दोघं भावंडं एकमेकांवर जीव टाकत होतो. तसंच होतं ते, आणि त्यातच सगळं जळत होतं.

भावजय मागे उभी होती. ती आमच्या घरात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. ती म्हणाली, "अक्काची किडनी राखायची. आणि माझं कुंकू? माझी पोरगी? आमचं काही देणं लागत नाही का तुम्ही?"

तिच्याकडे त्यानं बघितलं नाही.

मी त्याचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. माझी शपथ घे, आजपासून ती बाटली बंद."

आमच्याकडे खोटी शपथ घेतली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मरतो, हे लहान पोरालाही माहीत असतं. त्यानं हात काढून घेतला. हळू काढून घेतला, मला लागू नये असा. म्हणाला, "तुझी शपथ मी घेत नाही, अक्का. दुसरी कुठलीही सांग."

तेव्हा मला कळून चुकलं की तो थांबणार नाही.

मी ती बाटली उचलली आणि विहिरीच्या काठावर फोडली. त्यानं काय झालं? दुकानं होतीच की. जळगावच्या दुकानदाराला मी जाऊन दम दिला, तर पाचोऱ्याहून आली. भावजय त्याच्या मागे मागे बागेत जायला लागली, तर तो चिडला आणि जेवेनासा झाला. तीही किती दिवस पहारा करणार? मी धुळ्याहून रोज फोन लावायचे. ऑपरेटर असल्यानं लाइन मिळायची, त्याच्या घराशेजारच्या पतपेढीत फोन होता, तिथला शिपाई त्याला बोलावून आणायचा. "घेतलंस?" "घेतलं." "किती?" आणि मग तारेतून नुसती घरघर ऐकू यायची. त्यानं मला एकदाही खोटं सांगितलं नाही. त्याचा मला आणखी संताप यायचा.

पावसाळ्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टर पडद्यावर बघत होते आणि बघतच राहिले. पूर्वी एक गाठ होती. आता दोन्ही बाजूंना ठिपकेच ठिपके.

मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांना विचारलं, "याच औषधानं झालं ना? सांगा त्याला. माझ्यासमोर सांगा."

त्यांनी चष्मा काढला. "ताई, तसं मला छातीठोक सांगता यायचं नाही. औषध कमी केलं असतं तरी वाढली असती कदाचित. काही पेशी ताणानं मेल्याही असतील. ज्या उरल्या त्या या अशा."

मला भांडायला कोणीतरी हवं होतं. औषध हवं होतं, रोग हवा होता, भाऊ हवा होता, काहीतरी एक. तेही डॉक्टरांनी मला मिळू दिलं नाही.

आणि भाऊ टेबलावर पडल्या पडल्या पडद्याकडे मान वळवून बघत होता. बागवाल्याच्या नजरेनं बघत होता. म्हणाला, "म्हणजे बहार धरला, डॉक्टरसाहेब." आणि हसला. फुगलेल्या हिरड्यांतून रक्त येत होतं त्याच्या. डॉक्टर बाहेर निघून गेले.

शेवटचे दिवस जळगावच्या दवाखान्यात गेले. मी बिनपगारी रजा घेतली. पोटातलं पाणी काढायचे, पुन्हा भरायचं. तो भ्रमातही जायचा, मोटार चालू करा, वरच्या वाफ्याला पाणी सोडा असं बडबडायचा. मध्येच शुद्धीवर यायचा. सकाळी नर्स लघवीची पिशवी उचलून बघायची आणि कौतुकानं म्हणायची, "किडनी मात्र फर्स्ट क्लास हं तुमची!" तिला बिचारीला काय माहीत. ते ऐकलं की त्याचा चेहरा उजळायचा. परीक्षेत पहिला आल्यासारखा माझ्याकडे बघायचा.

त्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा घेऊन मी आत आले. भावजय त्याचे पाय चेपत होती, आई खुर्चीत बसून माळ ओढत होती. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, पण मी सरकारी नोकरीला लागल्यापासून तो माझ्याशी शुद्ध बोलायचा. त्या दिवशी लहानपणासारखं बोलला. खाटेखालच्या पिशवीकडे बोट करून म्हणाला, "तुन्ही चालू शे, अक्का."

मी म्हटलं, "चालू दे. तू गप पड."

संध्याकाळच्या आत गाठ पोटात फुटली. आतल्या आत रक्त वाहिलं. एकदम पांढरा पडला. डॉक्टर धावत आले, बाटल्या लावल्या, छाती दाबली. भावजय भिंतीला टेकून खाली सरकली. आईनं मुलाचा अंगठा धरून ठेवला होता, तो सोडवावा लागला.

सगळं आवरल्यावर डॉक्टर माझ्याजवळ आले. भला माणूस, त्याला वाटलं दोन शब्द बरे बोलावेत. म्हणाला, "ताई, तुम्ही खूप केलंत. तुमची किडनी शेवटच्या तासापर्यंत उत्तम चालली. अजून पुष्कळ वर्षं चालली असती."

व्हरांड्यात माणसं होती, पेशंटचे नातेवाईक, गावाहून आलेले चार लोक. मी कोणाचीही भीड न ठेवता ओरडले. "काय करू मी तिला? लोणचं घालू? मी भाऊ जगावा म्हणून किडनी दिली होती हो. त्यानं किडनी जगावी म्हणून माझा भाऊ दिला!"